आज्याचा वाडगा : चांदी ओळखावी कशी, किंमत काढावी कशी?

मित्रहो, मॅगझिनच्या मराठी विभागात इंजिनिअरिंगच्या मुलानं चांदीवर लिहावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण हा लेख म्हणजे एक प्रॅक्टिकलच आहे. फरक एवढाच की या प्रॅक्टिकलवर मार्क नव्हते, माझ्या सेमिस्टरची फी होती.

आमचं घर पनवेल तालुक्यातल्या गव्हाणला. आजोबा मुंबईच्या गोदीत कामाला होते. १९६० च्या सुमारास तिथल्या शिपिंग ऑफिसातला एक अमेरिकन साहेब मायदेशी परत निघाला, तेव्हा त्यानं आजोबांना एक वाडगा दिला. तळाला गोल बैठक, काठ बाहेर वळलेला, बाजूला नक्षीदार तीन अक्षरं. ती अक्षरं आमच्या घरातल्या कुणाच्याच नावाची नाहीत. आजी दर दिवाळीला तो बाहेर काढायची, रांगोळीनं घासायची, त्यात फराळ ठेवायची आणि पुन्हा ट्रंकेत टाकायची. "अमेरिकेची चांदी" म्हणून त्याचा घरात मान होता.

गेल्या वर्षी फीसाठी पैसे कमी पडले. बाबा वाडगा घेऊन एका दुकानात गेले. दुकानदारानं हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाला, "हे जर्मन आहे, भांड्याच्या भावानं घेतो." दुसऱ्या दुकानात चांदी आहे हे कबूल झालं, पण "सत्तर टंच धरू" असं सांगितलं. बाबा परत आले आणि वाडगा माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "तू इंग्लिश मीडियमचा. खाली काय लिहिलंय ते वाच." आजी मात्र एवढंच म्हणाली, "बाला, मना एवरा सांग, यो खरा हाय का खोटा?"

प्रश्न अगदी सोपा होता. उत्तर शोधायला मला तीन आठवडे लागले. त्यात जे शिकलो ते खाली क्रमानं देतो.

१. "चांदी" म्हणजे नेमकी किती चांदी?

शुद्ध चांदी मऊ असते. तिचा वाडगा केला तर तो सहज दबेल, म्हणून तिच्यात तांबं मिसळतात. हजार भागांत चांदी किती, या आकड्याला शुद्धता म्हणायचं. आपले सराफ हेच शंभरात मोजतात आणि त्याला 'टंच' म्हणतात. ९२५ म्हणजे साडेब्याण्णव टंच. याच ९२५ ला इंग्रजीत 'स्टर्लिंग' हा शब्द आहे.

अमेरिकेत आधी 'कॉइन सिल्व्हर' चालायची, म्हणजे नाण्याइतकी शुद्ध, साधारण ९००. टिफनी या न्यूयॉर्कच्या पेढीनं १८५१ मध्ये ९२५ चं प्रमाण घेतलं, तर गोरहॅम या ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या कारखान्यानं १८६८ मध्ये. १९०६ मध्ये तिथं कायदाच झाला, की 'स्टर्लिंग' असा शिक्का मारायचा असेल तर माल ९२५ चा हवा.

आपल्याकडचं जुनं माप म्हणजे राणीछाप रुपया. वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि चांदी बारा भागांत अकरा, म्हणजे जवळजवळ ९१७. १९४० पासून रुपयातली चांदी निम्मी झाली आणि १९४७ पासून रुपया निकेलचा झाला. म्हणजे आजीच्या गाठोड्यातला राणीछाप रुपया आणि अमेरिकन स्टर्लिंग वाडगा शुद्धतेत सख्खे शेजारी आहेत!

यात एक गंमत सांगतो. पहिल्या महायुद्धात लोक नोटा घेईनात, रुपये मागू लागले आणि इथल्या टांकसाळीला चांदी कमी पडली. तेव्हा १९१८ मध्ये अमेरिकेनं पिटमन कायदा करून चांदीचे सुमारे २७ कोटी डॉलर वितळवले. त्यातल्या सुमारे २५.९ कोटी डॉलरांची चांदी ब्रिटनला, हिंदुस्थानच्या रुपयांसाठी विकली. दुसऱ्या महायुद्धातही अमेरिकेनं हिंदुस्थानला सुमारे २२.६ कोटी औंस चांदी उसनी दिली होती. तेव्हा अमेरिकेची चांदी आपल्या गावात आधीपासूनच असावी, फक्त तिच्यावर राजाचा छाप होता.

२. शिक्के वाचणे

भिंग घ्या, तिरपा प्रकाश पाडा आणि तळ बघा. आमच्या वाडग्याच्या तळाला होतं ते असं : एक सिंह, एक नांगर, जुन्या वळणाचं 'जी' अक्षर, त्याखाली 'स्टर्लिंग' हा शब्द, एक नंबर आणि एका छोट्या पंचकोनात ६ चा आकडा.

इथं माझी पहिली चूक झाली. इंग्लंडमध्ये सरकारमान्य तपासणी कचेरी चांदी तपासून शिक्का मारते. तिथं चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग आणि नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. मी लगेच वहीत लिहिलं, "बर्मिंगहॅमचा वाडगा." पण इंग्लंडचा तो सिंह डावीकडे तोंड करून चालतो आणि आमचा उजवीकडे! सिंह, नांगर आणि 'जी' हे गोरहॅम कारखान्याचं स्वतःचं बोधचिन्ह आहे. शिवाय इंग्लंडच्या मालावर 'स्टर्लिंग' हा शब्द सहसा पूर्ण लिहीत नाहीत. तो अमेरिकन मालावर असतो, कारण अमेरिकेत तपासणी कचेरीच नाही. तिथला शिक्का ही कारखान्यानंच दिलेली ग्वाही असते, तिच्यामागे कायदा उभा असतो इतकंच.

पंचकोनाचं कोडं फार सुंदर निघालं. गोरहॅमनं १८६८ ते १८८४ पर्यंत वर्षासाठी अक्षरं वापरली आणि पुढं १९३३ पर्यंत छोटी चित्रं. मग काही वर्षं खंड पडला. १९४१ पासून नवी पद्धत आली, ती कोनांची. चौकोन म्हणजे चाळीसचं दशक, पंचकोन म्हणजे पन्नासचं, षट्कोन म्हणजे साठचं. आतला आकडा म्हणजे त्या दशकातलं वर्ष. पंचकोनात ६, म्हणजे १९५६. आजोबांच्या हकिकतीशी हे बरोबर जुळलं. आजीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ तो पंचकोन बोटानं चाचपत बसली.

आकाराचंही उत्तर मिळालं. असा वाडगा अमेरिकेत 'रिव्हिअर बाऊल' म्हणून ओळखतात. पॉल रिव्हिअर या बॉस्टनच्या सोनारानं १७६८ मध्ये केलेल्या वाडग्याची ही नक्कल असते. मूळ वाडगा बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. नकला मात्र खूप निघाल्या. बक्षीस म्हणून, निरोपाची भेट म्हणून त्या दिल्या जातात. त्यात चांदीच्याही असतात आणि मुलामा दिलेल्याही. म्हणून आकार बघून चांदी ठरवू नये.

हे शिक्के दिसले तर सावध व्हा :

• ई.पी.एन.एस. किंवा ई.पी. : विजेनं चढवलेला मुलामा. आत बहुधा जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. नाव सिल्व्हर, चांदी शून्य.
• क्वाड्रूपल प्लेट : चौपट मुलामा. चौपट असला तरी मुलामाच.
• १८४७ रॉजर्स ब्रदर्स : पुष्कळ जण याला १८४७ सालची चांदी समजतात. हे साल म्हणजे ब्रँडच्या नावाचा भाग आहे आणि माल मुलाम्याचा आहे.
• वेटेड : माल स्टर्लिंगचा असतो, पण बैठक आतून लाख, सिमेंट असल्या कशानं तरी भरलेली असते. काट्यावरचं वजन चांदीचं नसतं.

आणि शिक्का खोटाही असू शकतो. म्हणून पुढची पायरी हवीच.

३. घरगुती चाचण्यांचा खरेखोटेपणा

लोहचुंबक : चांदीला चिकटत नाही. पण पितळ, तांबं, जर्मन सिल्व्हर हेही चिकटत नाहीत. यानं फक्त लोखंड बाद होतं.

बर्फ : चांदीवर बर्फ झपाट्यानं वितळतो, कारण उष्णता वाहून नेण्यात ती सर्व धातूंत पहिली. पण तांबं तिच्या लगेच मागे आहे. त्यामुळे तांब्यावर मुलामा असेल तर बर्फ तुम्हाला फसवेल.

तेजाब : कानस मारून थेंब टाकला की आतला धातू कळतो, पण वस्तूवर कायमचा डाग राहतो. विकायच्या वस्तूवर हे करू नका आणि कुणाला करू देऊ नका.

४. आर्किमिडीज हॉस्टेलच्या मेसमध्ये

घनता ही अशी गोष्ट आहे की ती वस्तूला न दुखवता मोजता येते आणि मुलाम्याला फसत नाही. शुद्ध चांदी १०.४९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, तांबं ८.९६, जर्मन सिल्व्हर साधारण ८.७. स्टर्लिंगची घनता मिश्रणाच्या हिशोबानं येते :

१ ÷ (०.९२५/१०.४९ + ०.०७५/८.९६) = सुमारे १०.३६

मेसच्या काकांकडून इलेक्ट्रॉनिक काटा मागून घेतला. तो एक ग्रॅमपर्यंत दाखवतो. कोरडा वाडगा भरला ३१२ ग्रॅम. मग पातेल्यात पाणी घेऊन पातेलं काट्यावर ठेवलं आणि काटा शून्यावर आणला. वाडगा बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवला, पण तळाला किंवा कडेला टेकू दिला नाही. काटा जे दाखवतो ते बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजे ग्रॅममध्ये जेवढं तेवढंच घन सेंटिमीटरमध्ये वाडग्याचं आकारमान.

पहिल्यांदा रीडिंग आलं ३४! माझा जीव खाली गेला. ३१२ भागिले ३४ म्हणजे ९.१८, अधलंमधलंच काहीतरी. मग लक्षात आलं की बैठकीच्या पोकळीत हवा अडकली होती. वाडगा पाण्यात तिरपा करून बुडबुडे काढले, पुन्हा मोजलं, तर ३० आलं. पाच वेळा केलं, पाचही वेळा ३०.

३१२ ÷ ३० = १०.४

आता इंजिनिअरसारखा विचार करू. काट्यात एक ग्रॅम इकडेतिकडे धरला तर आकारमान २९ ते ३१, म्हणजे घनता १०.७६ ते १०.०६. वाडगा जर्मन सिल्व्हरचा असता तर रीडिंग ३६ च्या आसपास यायला हवं होतं. सहा ग्रॅमचा फरक चुकीत बसत नाही. म्हणजे पहिल्या दुकानदाराचं "हे जर्मन आहे" म्हणणं सपशेल चूक!

पण हुरळून जायचं नाही. ९२५ चा वाडगा ३०.१ ग्रॅम पाणी सारेल आणि ८०० चा ३०.८. एवढा बारीक फरक मेसचा काटा दाखवू शकत नाही. म्हणजे या प्रयोगानं "चांदी आहे का?" याचं उत्तर मिळालं, "किती टंच?" याचं मिळालं नाही. कुठल्याही प्रयोगाकडून तो देऊ शकतो तेवढंच उत्तर घ्यावं, हे आमचे लॅबचे सर नेहमी सांगतात. ते मला मेसमध्ये पटलं.

५. टंच काढणे

टंच काढायला आम्ही तपासणी केंद्रात गेलो. तिथं एक्स-रे फ्लुरोसन्सचं मशीन असतं. एक्स-रे पडले की प्रत्येक धातू आपापल्या ठराविक ऊर्जेचे किरण परत सोडतो, त्यावरून प्रमाण कळतं. वस्तूला ओरखडाही पडत नाही. पण या मशीनला वरचा पातळ थरच दिसतो. जाड मुलामा असेल तर ते फसतं. घनता आतलं सांगते पण ढोबळ, मशीन बारीक सांगतं पण वरवरचं. दोन्ही एकत्र आले की पुरावा पक्का. आमची चिठ्ठी आली ९२.५ च्या जवळ. शिक्का, घनता आणि मशीन, तिघांचं एकमत झालं.

नवी चांदी घेताना मात्र एवढी धावपळ नको. आपल्याकडे चांदीचं हॉलमार्किंग २००५ पासून आहे आणि १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीच्या वस्तूवर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक येऊ लागला. त्या वेळी ८००, ८३५, ९२५, ९५८, ९७०, ९९० आणि ९९९ या सात शुद्धता मान्य झाल्या. जुन्या परदेशी मालावर यातलं काहीच नसणार. ते नाही म्हणून माल खोटा ठरत नाही.

६. किंमत : एक नव्हे, तीन

(अ) मोडीची किंमत. वजन गुणिले शुद्धता गुणिले भाव. भाव रोज बदलतो, म्हणून हिशोबापुरता किलोला १ लाख, म्हणजे ग्रॅमला १०० रुपये धरू.

९२५ नं : ३१२ × ०.९२५ = २८८.६ ग्रॅम, म्हणजे २८,८६० रुपये.
सत्तर टंचानं : ३१२ × ०.७० = २१८.४ ग्रॅम, म्हणजे २१,८४० रुपये.

फरक ७,०२० रुपये. भाव वाढला की हा फरकही त्याच प्रमाणात वाढतो. सराफाला गाळणावळ आणि नफा हवाच, त्यात गैर काही नाही. पण ती घट वेगळी सांगून घ्यावी, टंचात लपवून नको.

मापांचाही घोळ असतो. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, पण आता दुकानात तोळा म्हणजे १० ग्रॅम. तोच वाडगा जुन्या मापानं पावणेसत्तावीस तोळे आणि नव्यानं ३१.२ तोळे. चांदीचा औंस ३१.१ ग्रॅमचा, तर साधा औंस २८.३५ चा. कुणी "अकरा औंस" म्हणालं तर कोणता औंस ते विचारा, कारण चांदीच्या औंसात हा वाडगा दहाच भरतो.

(ब) वस्तूची किंमत. इथं कारखाना, साल, आकार आणि अवस्था बघतात. टिफनीचा किंवा गोरहॅमच्या हातघडणीच्या 'मार्टले' प्रकारचा माल मोडीच्या कितीतरी वर जातो. रिव्हिअर वाडगे मात्र भरपूर निघालेले असल्यामुळे साधारणपणे चांदीच्या भावाच्या आसपासच राहतात. पोचे, शिशाचा डाग देऊन केलेली दुरुस्ती यांनी किंमत उतरते. परक्याची आद्याक्षरंही गिऱ्हाइकाला नको असतात. पण ती घासून काढू नका, तिथला पत्रा पातळ होतो आणि जाणकाराला ते लगेच कळतं.

वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर परदेशी विकायला पाठवण्याआधी १९७२ चा पुराणवस्तू कायदा आडवा येतो, हेही ध्यानात ठेवा. आमचा वाडगा १९५६ चा, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. साल वाचता येण्याचा हाही उपयोग.

आणि घासणं थांबवा. खाडीच्या चिखलातून गंधकाचा वायू येतो, त्यानं चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. आमच्याकडे तो लवकरच चढतो. रांगोळीनं थर जातो, पण दरवेळी थोडी चांदी आणि थोडा शिक्काही जातो. आमचा सिंह आताच अर्धा पुसट झाला आहे. मऊ कापडानं पुसून हवाबंद पिशवीत ठेवणं बरं.

(क) तिसरी किंमत. हिचं सूत्र मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

आमच्या भागात जमिनींचं संपादन १९७० पासून सुरू झालं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना भाव दुसऱ्यानं सांगितला. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ ला जासईच्या दास्तान फाट्यावर आणि पागोट्याला झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्क्यांची योजना त्यानंतर आली. हे ऐकतच आम्ही मोठे झालो. वाडग्याची आणि जमिनीची बरोबरी होत नाही, मला कळतं. पण आपल्या वस्तूची किंमत दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची आणि मान डोलवायची, ही सवय एकच. बाबा सत्तर टंचाला जवळजवळ तयार झाले होते. कारण "ते दुकानदार, त्यांना कळतं."

मी आजीला सगळं सांगितलं. वजन, साल, टंच, भाव. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे तुजा आजा खोटा नव्हता ना?" तेव्हा मला कळलं की तिचा प्रश्न वाडग्याबद्दल नव्हताच. पहिल्या दुकानात "जर्मन" म्हटल्यापासून तिच्या मनात ते सलत होतं.

फी आम्ही हप्त्यानं भरली. वाडगा सध्या घरीच आहे. उद्या विकायची वेळ आली तर विकूही, त्यात काही लाज नाही. पण आता वाडग्यात एक चिठ्ठी आहे : गोरहॅम, १९५६, ३१२ ग्रॅम, ९२५, आणि आजोबांचं नाव.

तर मित्रांनो, या सुट्टीत घरी गेलात की ट्रंक उघडा. समईपासून तांब्याच्या हंड्यापर्यंत जे जुनं असेल ते वजन करा, शिक्का वाचा, कुणी कुणाला दिलं ते आजीला विचारा आणि चिठ्ठी लिहून आत ठेवा. भिंग नसलं तर माझ्याकडे आहे. काटा मेसमध्ये आहेच, फक्त पोळीच्या कणकेच्या वेळेला मागू नका!